मजकूर वाचला, बरोबर आहे

"ओता," कणसे साहेब म्हणाले.

शिडीवर उभ्या असलेल्या शेजारच्या इनासने पाण्याची घागर पत्र्यावर उपडी केली. पाणी पन्हळींतून धावत खाली आलं आणि खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पडलं. मी आणि साहेब आत माजघरात माना वर करून उभे होतो. साहेबांच्या हातात माझा अर्ज होता, माझ्या हातात टोपी. वरून काही आलं नाही. दुसरी घागर झाली, तिसरी झाली. प्रत्येक घागरीनंतर इनास वरून विचारायचा, "गळलां काय?" आणि मला दर वेळी नाही म्हणावं लागत होतं.

कोपऱ्यात खाटेवर माझी बायको भागी होती. दोन वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली, तेव्हापासून ती त्या खाटेवरच. तीही वरच बघत होती.

"बाबा, पाणी तर येत नाही," साहेब म्हणाले. ते कराडकडचे. तालुक्याच्या कचेरीत नव्यानेच बदलून आले होते.

मी म्हटलं, "साहेब, हे पाणी सरळ पडतंय. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो. पश्चिमेचा वारा सुटला की पत्र्याच्या जोडात घुसतो."

"मग आता वारा कुठून आणू? आणि आणला तरी पंचनाम्यात कसा लिहू?" त्यांनी अर्ज पुढे केला. "हे तुमचंच अक्षर ना? तुम्हीच लिहिलंय, घागर ओतून खात्री करावी."

अक्षर माझंच होतं. घागरीची गोष्टही मीच लिहिली होती. चूक तिथेच झाली होती.

मी आयुष्यभर लोकांची कौलं परतली, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावली. खाडीच्या ह्या तोंडाला जेवढी घरं आहेत, त्यांच्या पाठीवर मी कधी ना कधी बसलेलो आहे. हे काम मला माझ्या मामाने शिकवलं. आमच्यात एक रीत होती. काम संपलं की घरधनी वर घागर ओतायला लावायचा आणि ज्याने काम केलं तो खाली पाटावर बसायचा. गळलंच तर आधी त्याच्या डोक्यावर. भिजला नाही तर नारळ घेऊन घरी जायचा. मी कधी भिजलो नाही. पण ती घागर कौलांची परीक्षा होती. फुटकं कौल घागरीला लगेच सापडतं. पत्र्याच्या जोडाचं तसं नसतं, आणि अर्ज लिहिताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात होतं ते आपण अर्ज लिहितोय एवढंच. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघे गेले, वर चढणं थांबलं, तेव्हा शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गात मी अक्षरं शिकलो. हा माझा पहिला अर्ज.

कौलं गेली ती वानरांमुळे. त्यांची टोळी फणसावरून छपरावर उड्या मारायची आणि एका सकाळी दहा-बारा कौलं खाली यायची. परतायला मी चढू शकत नव्हतो आणि वाडीत हे काम जाणणारा दुसरा कोणी उरला नव्हता. मग दुरुस्तीच्या सरकारी योजनेत आमच्या घराचा नंबर लागला. सिमेंटचे पत्रे मिळणार होते. अट एकच, काम परवानाधारक ठेकेदाराकडून करायचं.

तो ठेकेदार म्हणजे शशी तेंडोलकर. पस्तिशीचा, हसरा, पायात बूट. त्याचा बाप जंगलात लाकडं तोडायचा हे मला माहीत होतं. शशीने आदल्याच वर्षी परवाना मिळवला होता आणि त्याची प्रत प्लास्टिकमध्ये घालून जीपच्या काचेला आतून लावली होती. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी काचेपाशी उभा राहून ती प्रत वरपासून खालपर्यंत वाचली. वाचायला मिळेल ते मी तेव्हा वाचायचो. त्याला ते आवडलं. म्हणाला, "आबा, आजवर एवढां कोणी वाचूक नाय."

पत्रे त्याने पश्चिमेच्या अंगाला उतरवले, कारण गाडी तिथपर्यंतच येत होती. आणि माणसांनी तिथूनच लावायला घेतले. मी काठी टेकत खळ्यात गेलो आणि सांगितलं, उगवतीकडून सुरुवात करा. माझा मामा म्हणायचा, जोडाचां तोंड उगवतीक, दर्याक पाठ दाखवची. पश्चिमेकडून लावत आलात तर प्रत्येक पत्र्याची कड दर्याकडे तोंड करून राहील आणि वारा पाणी घेऊन तिच्याखाली शिरेल.

शशी वरून म्हणाला, "सोनूआबा, ही कौलां न्हय. पत्रो खंयसूनय लावा, पत्रोच तो. तुमी सावलीत बसा."

माणसं हसली. मी सावलीत बसलो.

पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत आमची खाट माजघरात सहा जागी फिरली. सरळ पाऊस असला की घर कोरडं. वारा सुटला की जोडाजोडातून पाणी रेषा धरून यायचं. भागीला हलवायला दोन माणसं लागत, इनास आणि त्याची बायको यायची. अंथरूण वाळत नव्हतं. भागीच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, अंग कोरडं राहिलं नाही तर ह्या जखमा भरायच्या नाहीत. शशी दोनदा आला. दोन्ही वेळा पाऊस उघडल्यावर. नटांना डांबर फासून गेला. तिसऱ्यांदा मी निरोप पाठवला, तेव्हा त्याने उलट निरोप दिला: तुमचां घरच म्हातारां, तेका घाम येता.

तो निरोप मी भागीला सांगितला नाही. तिला तो इनासच्या बायकोकडून कळला. ती म्हणाली, "घराक घाम येता तर आता तेका पदरान वारो घाला." आणि तोंड भिंतीकडे केलं.

दसऱ्याला तिचा भाऊ बेळगावहून आला. तिची पाठ बघून बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या पावसाआधी छप्पर नीट झालं नाही तर मी तिला घेऊन जाणार. त्याचं चुकत नव्हतं. त्याच्याकडे स्लॅबचं घर होतं, कामाला बाई होती. भागीने ते आतून ऐकलं. तो गेल्यावर ती म्हणाली, "माका हयसून हलवू नकात. थंय माका कोण वळाकता?" एवढंच. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मूलबाळ आम्हाला नाही. चाळीस वर्षं आम्ही दोघंच त्या घरात होतो.

म्हणून मी अर्ज लिहिला. म्हणून कणसे साहेब आले, तीन घागरी ओतल्या आणि घर कोरडं निघालं.

जाताना ते वाईट वागले नाहीत. म्हणाले, पुढच्या आठवड्यात ठेकेदारालाही बोलावतो, त्याच्यासमोर पंच बोलावून पुन्हा पाणी ओतू. गळलं तर त्याच्याकडून सगळं नव्याने करून घेऊ. नाही गळलं तर अर्ज निकाली. "मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, बाबा. मी ऐकीव लिहीत नाही."

चार दिवसांनी नोटीस आली. ती मी स्वतः वाचली. मंगळवार, सकाळी अकरा.

सोमवारी दुपारी वाडीतली माणसं बाजाराला गेली होती. भागीचा डोळा लागला होता. मी इनासच्या खळ्यातून शिडी आणली आणि पाना खिशात घातला. सहा वर्षांत मी छपरावर चढलो नव्हतो. गुडघे एकेका पायरीला बोलत होते. पण वर पोचल्यावर हातांना सगळं आठवलं. पत्रे वाशांना हुकांनी धरलेले असतात. हुकाचं टोक पत्र्यातून वर येतं, त्यावर काळा डांबरी वायसर, वर पत्र्याची चकती, वर नट. पाणी अडवतो तो काळा वायसर. माजघरावरच्या ओळीतले तीन नट मी खोलले, तिन्ही वायसर काढले, चकत्या ठेवून नट परत लावले. वायसर चांगले होते. नीट, घट्ट बसवलेले. त्याने हुकांच्या कामात काही कसर केली नव्हती, हे मला वर बसल्या बसल्या दिसत होतं.

खालून आवाज आला. "वर कोण आसा?"

मी हातातला नट आवळून घेतला. मग म्हणालो, "वानर."

खाली आलो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. "बराच जड वानर होतो," ती म्हणाली. वायसर माझ्या पानाच्या चंचीत होते. तिने पाणी मागितलं, मी दिलं.

मंगळवारी सगळे आले. कणसे साहेब, शशी, पंच म्हणून इनास आणि पोलीस पाटील, शिवाय वाडीतली पाच-सहा बघी माणसं. शशीला पहिल्या वेळचं कळलेलं होतं. तो मजेत होता. घरात शिरताना वाकून भागीला म्हणाला, "काकी, बरी आसास?" मग त्याने भिंतीकडे बघितलं. जोडांच्या खाली भिंतीवर पाण्याचे ओघळ उतरले होते आणि त्यांच्यावर हिरवं शेवाळ वाळून काळं झालं होतं. ते तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटतं, पावसात तो कधी घराच्या आत आलाच नव्हता.

साहेब म्हणाले, चला, सुरू करा.

तेवढ्यात शशीने भिंतीला लावलेला पाट घेतला, माजघराच्या मध्ये ठेवला आणि त्यावर मांडी घालून बसला. बूट त्याने बाहेर काढले होते. मला म्हणाला, "आबा, तुमची रीत माका म्हायती आसा. माझो बापूस सांगायचो. काम माझां, तर खाली मी बसतलंय."

लोक हसले, पण चांगलं हसले. पाटीलही म्हणाला, शाबास. मला त्या क्षणी त्याला उठ म्हणता आलं असतं. ती रीत त्याच्या बापाला माहीत होती, आणि त्याने ती लेकाला सांगून ठेवली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

"ओता," साहेब म्हणाले. ह्या वेळी त्यांनी इनासला हुकांच्या ओळीवरून पाणी फिरवायला सांगितलं.

पहिल्या घागरीलाच पाणी आलं. आधी एक थेंब शशीच्या खांद्यावर, मग धार. त्याच्या केसांतून पाणी कपाळावर आलं. तो उठला नाही. दुसरी घागर ओतली तेव्हाही तो तिथेच बसून होता, तोंड वर करून, डोळे मिटून. कोणी हसलं नाही.

मग तो उठला, तोंड पुसलं आणि शिडीवर चढला. साहेबही मागून चढले. खाली आम्ही त्यांचं बोलणं ऐकत होतो.

"इथे वायसर कुठे आहेत?" साहेबांचा आवाज.

"होते, साहेब."

"होते तर गेले कुठे? तिन्ही ठिकाणी नाहीत."

नंतर शशी म्हणाला, "नटाचां डांबर निघालेलां आसा. बघा, आटे चकाकतत."

ते खाली उतरले. शशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मी ते धुतले होते, पण डांबर नखांतून एका दिवसात जात नाही.

साहेब म्हणाले, "तेंडोलकर, तुमचं म्हणणं काय? कोणी काढले? कोणावर संशय असेल तर नाव सांगा, लिहून घेतो."

तेव्हा भागी बोलली. खाटेवरून, भिंतीकडे तोंड करूनच. "वानरां येतत वर."

"माकडं पान्यानं नट खोलतात होय, आजी?" साहेब हसले. बघी माणसंही हसली.

शशी हसला नाही. त्याने भागीकडे बघितलं. तिच्या खाटेवर आम्ही प्लास्टिक बांधलेलं होतं, पावसाळ्यातलं, ते अजून सोडलं नव्हतं. मग त्याची नजर पुन्हा भिंतीवरच्या ओघळांवर गेली.

"कोणावर नाय," तो म्हणाला.

"नक्की?"

"नाय म्हटलां ना, साहेब."

साहेबांनी ओटीवर बसून पंचनामा लिहिला. अर्धा तास लागला. इनासला त्यांनी तो वाचून दाखवला, भरभर, मधलं गाळत. इनासने मान हलवली आणि अंगठा दिला. पाटलाने सही केली. मग कागद माझ्याकडे आला.

"तुम्हाला वाचून दाखवायची गरज नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही वाचता. वाचा, आणि खाली लिहा, वरील मजकूर वाचला, बरोबर आहे. मग सही."

मी वाचायला लागलो. बोट ठेवून वाचत होतो. पाणी ओतले असता छतातून गळती आढळून आली, इथपर्यंत मला वाटलं होतं तसंच होतं. पुढे होतं: तीन हुकांना डांबरी वायसर बसविलेले नसल्याचे दिसून आले, सबब ठेकेदाराने साहित्य न वापरता वापरल्याचे दाखवून शासनाची फसवणूक केली आहे. 'फसवणूक' हा शब्द मी आधी कधी लिहिलेला बघितला नव्हता. एकेक अक्षर लावत गेलो. फ, स, व, णू, क. लावून झाला तेव्हा कळला.

जोडाबद्दल त्या कागदात एक ओळ नव्हती. कड कुठे तोंड करून आहे, पत्रे कोणत्या बाजूने लावत आणले, वारा कुठून येतो, काही नव्हतं. शशीने केलेली चूक त्यात नव्हती. त्याने न केलेली होती.

मला छप्पर पाहिजे होतं. मला वाटलं होतं, गळतंय एवढं दिसलं की झालं. इनासला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मला काय माहीत, साहेबांनी सांगितलं तिथे अंगठा दिला. मला तसं म्हणता येत नव्हतं. मी वाचलं होतं.

मी मान वर केली. शशी खळ्यात पाठमोरा उभा राहून बूट घालत होता. ओले केस त्याने पंच्याने पुसले नव्हते. आतून भागी खोकली.

मी लिहिलं. वरील मजकूर वाचला, बरोब आहे.

साहेबांनी कागद घेतला, बघितला आणि परत दिला. "एक र राहिला, बाबा. बरोबर. घाला वर."

मी तो र घातला. दोन शब्दांच्या मध्ये खूण करून, वरच्या बाजूला, माझ्या हाताने.

हुकूम व्हायला तीन महिने गेले. शशीने स्वखर्चाने छप्पर नव्याने लावून द्यावं आणि त्याचा परवाना रद्द करण्यात येत आहे. हुकमाची प्रत मलाही आली. वैशाखात तो एक माणूस घेऊन आला. जीप नव्हती, भाड्याचा टेम्पो होता. ह्या वेळी तो स्वतः वर चढला. सगळे पत्रे उतरवले आणि उगवतीकडून लावायला घेतले. मी सांगायला गेलो नव्हतो. दोन दिवस काम चाललं. जेवायला ये म्हटलं तर म्हणाला, डबो आणलंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो उतरला आणि त्याने एक लहान पुडी माझ्या हातात दिली. आत डांबरी वायसर होते, आठ-दहा.

"हे जास्तीचे ठेवा, आबा," तो म्हणाला. "तुमची वानरां न्हेतत."

माझी चंची तेव्हा कमरेला होती. त्यातले तीन काढून त्याला द्यावेत असं मनात आलं. पण त्याने मान वळवली होती आणि तो टेम्पोकडे चालायला लागला होता. घागर ओतूया असं तो म्हणाला नाही. मीही म्हणालो नाही. नारळ मी काढून ठेवला होता, तो तसाच ओटीवर राहिला.

पुढे कळलं की तो गोव्याला गेला. दुसऱ्याच्या परवान्यावर काम करतो, असं इनास म्हणाला. परत इकडे आला की नाही, मला ठाऊक नाही.

भागी त्या छपराखाली चार पावसाळे राहिली. तिच्या पाठीच्या जखमा भरल्या. तिसऱ्या वर्षी आषाढात मोठा वारा झाला, इनासचं नारळाचं झाड पडलं. सगळी संध्याकाळ पाऊस पश्चिमेकडून आडवा मारत होता. मी भिंतीपाशी कंदील फिरवून बघत होतो. ओघळ जुनेच होते, कोरडे.

भागी म्हणाली, "कित्याक बघतास? थेंब येवचो नाय. शशीचो हात चांगलो."

तिने त्याचं नाव त्यानंतर कधी घेतलं नाही, मीही नाही.

आता मी ब्याऐंशीचा आहे. वाडीतली जुनी माणसं आणि बायका कागद घेऊन माझ्याकडे येतात. जमिनीचे, बँकेचे, कसलेही. मी सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवतो, एक शब्द गाळत नाही. 'सबब'च्या पुढे काय आहे ते दोनदा वाचतो. कधी कधी साक्षीदार म्हणून माझीच सही लागते आणि खाली ते वाक्य लिहायचं असतं.

मागच्या महिन्यात इनास त्याच्या नातीच्या लग्नाच्या नोंदणीचा कागद घेऊन आला. सगळं खरं होतं, नाव, गाव, तारीख. मी वाचलं, लिहिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला. इनासला अजून अक्षरं येत नाहीत, पण इतकी वर्षं कागद बघून लांबी कळते.

"एवढांच?" तो म्हणाला. "कचेरीवालो म्हणालो, दोन शब्द आणखी लागतत."

"ते तू घाल," मी म्हटलं. "अंगठ्यान."

तो हसला आणि कागद घेऊन गेला. त्यावर मी नेहमीसारखं एवढंच लिहिलं होतं: वरील मजकूर वाचला.